परळ ते पवई : प्रतिकारशक्तीच्या मोजणीचा मुंबईतला इतिहास

नव्या लशीची किंवा औषधाची माणसांवर चाचणी घेताना दोन गोष्टी तपासल्या जातात. आजार टळला किंवा हटला का, ही पहिली. ती रुग्णालयात दिसते. शरीराच्या संरक्षक यंत्रणेत नेमका काय बदल झाला, ही दुसरी, आणि ती फक्त प्रयोगशाळेतच कळते. रक्तात कोणत्या पेशी किती आहेत, प्रतिपिंडांची पातळी किती चढली, जंतूचा तुकडा समोर ठेवल्यावर टी पेशी जाग्या होतात का, हे मोजणाऱ्या विभागाला क्लिनिकल ट्रायलच्या जगात इम्यून मॉनिटरिंग लॅब म्हणतात. तिचा प्रमुख बहुधा रोगप्रतिकारशास्त्रात पीएचडी केलेला किंवा पॅथॉलॉजीचा डॉक्टर असतो. चाचणीतल्या रुग्णाला तो सहसा भेटत नाही. त्याच्याकडे येतात त्या क्रमांक चिकटवलेल्या ट्यूब. आज घेतलेल्या नमुन्याचा आकडा आणि सहा महिन्यांनी त्याच माणसाकडून घेतलेल्या नमुन्याचा आकडा शेजारी ठेवून तुलना करता यावी, ही त्याची मुख्य जबाबदारी.

हे नाव नवे असले तरी मुंबईत हे काम सव्वाशे वर्षे चालू आहे. त्यातली पहिली शंभर वर्षे ते परळच्या आसपास एकवटले होते. मागच्या वीस-पंचवीस वर्षांत त्याचा ओढा पवई, विद्याविहार, अंधेरी आणि खाडीपलीकडे खारघर अशा ठिकाणी गेला.

सुरुवात प्लेगची. सप्टेंबर 1896 मध्ये मांडवी भागात डॉ. अकासियो व्हिएगस यांनी ही साथ ओळखली आणि ऑक्टोबरात जीवाणुशास्त्रज्ञ वाल्डेमार हाफकिन मुंबईत दाखल झाले. ग्रँट मेडिकल कॉलेजच्या पेटिट प्रयोगशाळेत एक खोली, एक व्हरांडा, एक कारकून आणि तीन शिपाई एवढ्या संसारावर त्यांनी लस बनवली आणि 10 जानेवारी 1897 रोजी ती स्वतःला टोचून घेतली. महिनाअखेरीस भायखळ्याच्या तुरुंगात प्लेग शिरला. तिथल्या कैद्यांपैकी जे आपणहून पुढे आले त्यांना लस देण्यात आली. हाफकिन यांच्या मांडणीनुसार, लस घेतलेल्या 147 जणांपैकी 2 आजारी पडले, दगावले कोणी नाही. न घेतलेल्या 172 पैकी 12 आजारी पडले आणि 6 मेले.

आजच्या नियमांच्या काट्यावर ही चाचणी टिकणार नाही. पुढे आलेले कैदी आणि मागे राहिलेले कैदी एकसारखे होते असे गृहीत धरता येत नाही, आणि तुरुंगातल्या होकाराला कितपत होकार म्हणावे हा प्रश्न वेगळाच. पण लक्षात ठेवण्याजोगी बाब दुसरीच आहे. लशीची मात्रा पुरेशी आहे की नाही हे ठरवायला हाफकिन यांच्याजवळ एकच साधन होते : थर्मामीटर. टोचल्यानंतर ताप किती चढतो यावरून ते मात्रेचा अंदाज घेत. शरीराने लशीची दखल घेतल्याची खूण म्हणून ताप मोजणे हे ओबडधोबड असले, तरी ते प्रतिकारशक्तीचेच मोजमाप होते.

प्रयोगशाळा मग मलबार हिलवरच्या सरकारी बंगल्यात, तिथून आगाखानांच्या खुश्रू लॉजमध्ये आणि अखेर 10 ऑगस्ट 1899 रोजी परळच्या जुन्या गव्हर्नमेंट हाऊसमध्ये गेली. पुढे 1925 मध्ये तिला हाफकिन यांचेच नाव मिळाले. त्याआधी त्यांच्यावर जो प्रसंग गुदरला तो या पेशातल्या प्रत्येकाला ठाऊक असावा असा आहे. 30 ऑक्टोबर 1902 रोजी पंजाबातल्या मुलकोवाल गावी 107 जणांना लस टोचण्यात आली. त्यांतले 19 जण धनुर्वाताने मेले, आणि त्या सगळ्यांना 53-एन क्रमांकाच्या एकाच बाटलीतून लस मिळाली होती. चौकशी मंडळाचा ठपका परळवर आला. हाफकिन यांनी लस बनवण्याच्या नव्या पद्धतीत कार्बोलिक आम्ल वगळले होते आणि त्यामुळे बाटली इथेच दूषित झाली, असा निष्कर्ष निघाला. हाफकिन पदावरून दूर झाले. नंतर उजेडात आले ते असे : बाटली उघडताना मदतनिसाच्या हातून चिमटा जमिनीवर पडला होता, तो नीट निर्जंतुक न करता त्याच चिमट्याने बूच काढले गेले. बाकीच्या चार बाटल्यांतून लस घेतलेले सारे जण सुखरूप होते. 1907 मध्ये रोनाल्ड रॉस आणि इतर शास्त्रज्ञांनी लंडनच्या ‘टाइम्स’मध्ये पत्र लिहून हाफकिन यांची बाजू मांडली, तेव्हा कुठे त्यांच्यावरचा डाग धुतला गेला.

कोणत्या बाटलीतून कोणाला किती, हे लिहिलेले होते म्हणूनच 19 मृत्यू एका बाटलीपाशी येऊन थांबले. चिमटा पडल्याची गोष्ट मात्र आधी कोणाला महत्त्वाची वाटली नाही. आज क्लिनिकल ट्रायलच्या लॅबमध्ये हात घसरून पिपेट पडले तरी त्याची तारीख-वेळेसह नोंद करून सही करावी लागते. नव्या मुलांना हा छळ वाटतो. मुलकोवालची हकिगत सांगितली की तो जरा कमी वाटतो.

1932 मध्ये साहिबसिंग सोखे हे हाफकिन संस्थेचे पहिले भारतीय संचालक झाले. त्यांनी प्लेगच्या लशीची ताकद उंदरांवर मोजण्याची पद्धत बसवली : ठरावीक मात्रा, ठरावीक जातीचे उंदीर, ठरावीक दिवसांनी जिवंत जंतू आणि मग वाचलेल्या उंदरांची मोजदाद. एका बॅचची ताकद दुसऱ्या बॅचशी ताडून पाहण्याची सोय त्यातून झाली. थर्मामीटरच्या मानाने ही मोठीच मजल होती.

दुसरा धागा कुष्ठरोगाचा, आणि तो वडाळ्यापासून सुरू होतो. 1890 मध्ये म्युनिसिपल कमिशनर हॅरी अॅकवर्थ यांच्या पुढाकाराने तिथे बेघर कुष्ठरोग्यांसाठी आश्रयस्थान उभे राहिले. (हेच ते अॅकवर्थ, ज्यांनी शंकर तुकाराम शाळिग्राम यांच्यासोबत 1891 मध्ये ऐतिहासिक पोवाड्यांचा संग्रह प्रसिद्ध केला. मराठी वाचकाला त्यांची ओळख बहुधा पोवाड्यांमुळेच असते.) कुष्ठरोगाचा जंतू कृत्रिम माध्यमात वाढत नाही, त्यामुळे लस बनवणे अवघड. परळला डॉ. वसंत रामजी खानोलकर यांच्या नेतृत्वाखाली 1952 मध्ये भारतीय कर्करोग संशोधन केंद्र सुरू झाले. तिथे 1958 मध्ये सी. व्ही. बापट, कमल रणदिवे आणि खानोलकर यांनी कुष्ठरोग्याच्या गाठीतून वेगळा केलेला एक जंतू वाढवून दाखवला. केंद्राच्या इंग्रजी आद्याक्षरांवरून त्याला आयसीआरसी बॅसिलस म्हणू लागले. पुण्यात शिकलेल्या, अमेरिकेत जॉर्ज गे यांच्याकडे पेशीसंवर्धनाचे तंत्र आत्मसात करून आलेल्या रणदिवे यांनी देशातली पेशीसंवर्धनाची पहिली प्रयोगशाळा इथेच उभी केली. माणसाच्या पेशी शरीराबाहेर जिवंत ठेवण्याची विद्या त्या प्रयोगशाळेतून मुंबईत रुजली. तिच्यावाचून पुढचे काहीच शक्य नव्हते.

या जंतूपासून बनवलेल्या लशीवर डॉ. एम. जी. देव आणि बापट यांनी काम केले. लशीचा परिणाम मोजण्याचे साधन होते लेप्रोमिन चाचणी, आणि ती जवळून पाहण्यासारखी आहे. कुष्ठरोगाच्या मृत जंतूंचा 0.1 मिलिलिटर अर्क हाताच्या कातडीच्या आत, अगदी वरच्या थरात टोचतात. बरोबर टोचले तर तिथे संत्र्याच्या सालीसारखा फिकट फुगवटा दिसतो. सुई खोल गेली तर तो येत नाही आणि चाचणी फुकट जाते. 48 तासांनी पहिले वाचन, तीन ते चार आठवड्यांनी दुसरे. दुसऱ्या वाचनात तिथे गाठ आली असेल, तर त्या माणसाच्या पेशींना हा जंतू ओळखता येतो. पट्टी लावून गाठीचा व्यास मिलिमीटरमध्ये मोजायचा. लाली मोजायची नाही, टणकपणा मोजायचा. त्यासाठी बॉलपेन बाहेरून गाठीकडे ओढत नेतात. जिथे ते अडते तिथे खूण करायची, मग समोरच्या बाजूने तसेच. दोन खुणांमधले अंतर म्हणजे आकडा.

ऐकायला हे सोपे वाटते. प्रत्यक्षात एकाच हातावरची गाठ एका तपासनिसाला 4 मिलिमीटर भासते आणि दुसऱ्याला 6. लस कोणाला दिली आणि पाणी कोणाला, हे वाचणाऱ्याला माहीत असेल तर हा फरक नकळत एका बाजूला झुकतो. म्हणून वाचणाऱ्याला गट कळू द्यायचे नाहीत, आणि एकाच चाचणीत शक्यतो एकाच माणसाने वाचायचे, हे दंडक आले. यंत्रे बदलली, दंडक तेच राहिले. आयसीआरसी लशीची मोठी परीक्षा शेवटी तमिळनाडूत झाली. 1990 च्या दशकाच्या आरंभी सुमारे 1,71,000 लोकांवर घेतलेल्या दुहेरी-अंध चाचणीत चार लशी पारखल्या गेल्या. 1998 मध्ये प्रसिद्ध झालेल्या निकालात आयसीआरसीने 65.5 टक्के संरक्षण दिल्याचे दिसले. नुसत्या बीसीजी लशीचा आकडा 34.1 टक्के होता. तोवर बहुऔषध उपचारांमुळे कुष्ठरोगच ओसरू लागला होता, आणि ही लस सार्वत्रिक वापरात आलीच नाही. चांगला आकडा उशिरा आला.

परळलाच, केईएम रुग्णालयाच्या आवारात, तिसरा धागा आहे. 1952 मध्ये डॉ. वाय. एम. भेंडे आणि सहकाऱ्यांनी ‘बॉम्बे ब्लड ग्रुप’ या दुर्मीळ रक्तगटाची माहिती ‘लॅन्सेट’मध्ये दिली. 1957 मध्ये तिथे रक्तगट संदर्भ केंद्र सुरू झाले, त्याचेच आज राष्ट्रीय इम्युनोहिमॅटॉलॉजी संस्थेत रूपांतर झाले आहे. पण चाचणी आणि रोगप्रतिकाराची मोजणी एकत्र गुंफण्याचे अस्सल मुंबईकर उदाहरण हवे, तर ते केईएमच्या औषधशास्त्र विभागाचे. मराठी वाचकांना लेखिका म्हणून परिचित असलेल्या डॉ. शरदिनी डहाणूकर या विभागाच्या प्रमुख होत्या. गुळवेल प्रतिकारशक्ती वाढवते ही आयुर्वेदाची धारणा त्यांच्या गटाने प्रयोगाच्या कसोटीवर आणली. 1993 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात कर्करोगामुळे पित्तनलिका अडलेले, कावीळ झालेले 30 रुग्ण होते. अशा रुग्णांची शस्त्रक्रिया पार पडली तरी जंतुसंसर्ग त्यांना गाठतो. एका गटाला नेहमीचे उपचार, दुसऱ्याला त्यासोबत गुळवेल. मोजले काय, तर रक्तातल्या न्यूट्रोफिल पेशी जंतू किती गिळतात आणि गिळलेल्यांपैकी किती मारतात. गुळवेल घेणाऱ्यांमध्येच ही क्षमता पूर्ववत झाली. नेहमीच्या गटात निम्म्या रुग्णांच्या रक्तात जंतुसंसर्ग (सेप्टिसीमिया) झाला, गुळवेलीच्या गटात एकाच्याही नाही. शस्त्रक्रियेनंतर वाचलेल्यांचे प्रमाण 40 टक्के विरुद्ध 92.4 टक्के.

तीस रुग्णांवरून निर्वाळा देता येत नाही, आणि कोविडच्या काळात घरोघरी उकळलेल्या गुळवेलीच्या काढ्याला या अभ्यासाचा आधार देणे तर अजिबात बरोबर नाही. अभ्यासाचे मोल त्याच्या रचनेत आहे. रुग्ण वाचला की नाही हे नोंदवून हा गट थांबला नाही, तो का वाचला असावा याचा माग पेशीपर्यंत काढला गेला. तोही जंतू, काचपट्टी आणि सूक्ष्मदर्शक एवढ्याच सामग्रीवर.

उपनगरे या कथेत येतात ती कारखान्यांच्या वाटेने. 1957 मध्ये महापालिकेची हद्द दहिसर आणि मुलुंडपर्यंत वाढली. त्याच सुमारास लाल बहादूर शास्त्री मार्गावर आणि गोरेगाव परिसरात परदेशी औषध कंपन्यांनी बस्तान बसवले होते. गोरेगावच्या सिबा कंपनीच्या संशोधन केंद्राचे उद्घाटन 1963 मध्ये पंडित नेहरूंनी केले. मुलुंडला 1972 मध्ये हेक्स्ट कंपनीचे केंद्र आले. माईनमूळ या वनस्पतीतून वेगळे केलेले फोर्स्कोलिन ही त्या केंद्राची जगाला देणगी. पेशीच्या आतल्या एका महत्त्वाच्या संदेशवाहकाचे प्रमाण वाढवणारे हे रसायन आजही जगभरच्या प्रयोगशाळांत रोज वापरले जाते, पण ते मुलुंडचे आहे हे मुलुंडकरांनाही सहसा ठाऊक नसते. ही केंद्रे पुढे एका मालकाकडून दुसऱ्याकडे गेली. त्या पट्ट्यातल्या कारखान्यांच्या जागी आता मॉल आणि टॉवर आहेत. रोगप्रतिकाराच्या मोजणीत त्यांचा थेट वाटा थोडा. मात्र खासगी क्षेत्रात राहून, ठरलेल्या कार्यपद्धतीने, तारीखवार वही लिहीत संशोधन करता येते याची सवय उपनगरातल्या एका पिढीला त्यांनी लावली.

मोठ्या प्रमाणावर पेशी मोजण्याची वेळ आणली एचआयव्हीने. हा विषाणू सीडी4 टी पेशींवर हल्ला करतो, त्यामुळे रक्ताच्या एका मायक्रोलिटरमध्ये त्या किती उरल्या यावर उपचार कधी सुरू करायचे ते ठरे. जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा आधी 200 होती, 2010 मध्ये ती 350 झाली, 2013 मध्ये 500, आणि 2015 पासून आकडा न पाहता सर्वांना औषध. 1 एप्रिल 2004 रोजी सरकारने देशातल्या आठ केंद्रांवर मोफत औषधे सुरू केली. त्यात जे. जे. रुग्णालय होते. मुंबईच्या एड्स नियंत्रण संस्थेचे कार्यालय वडाळ्याला अॅकवर्थ रुग्णालयाच्याच आवारात थाटले गेले, हा योगायोग मोठा बोलका आहे.

सीडी4 मोजणारे यंत्र म्हणजे फ्लो सायटोमीटर, लॅबच्या बोलीत नुसते ‘फ्लो’. पेशींवर रंगीत प्रतिपिंडे चिकटवायची, मग त्या एकामागोमाग एक लेझरच्या झोतासमोरून सोडायच्या. पेशी कोणत्या रंगात उजळते ते यंत्र टिपते. 1970 च्या दशकाच्या आरंभी स्टॅनफर्डला लिओनार्ड हर्झेनबर्ग यांनी हे तंत्र विकसित केले. 1975 मध्ये कोहलर आणि मिलस्टीन यांनी एकाच साच्याची प्रतिपिंडे हवी तितकी बनवण्याची रीत शोधल्यावर त्याला खरी धार आली. भारतात एक अडचण आधीच दिसली. निरोगी भारतीय प्रौढांच्या सीडी4 पेशी अनेक अभ्यासांत पाश्चात्त्य पुस्तकांतल्या सरासरीपेक्षा कमी भरल्या. परकी फूटपट्टी लावली की धडधाकट माणूस आजारी ठरण्याचा धोका. म्हणून आपल्याकडच्या निरोगी लोकांचे आकडे आधी जमवणे हे इथल्या लॅबप्रमुखाचे पहिले काम होऊन बसले.

लॅबच्या आकड्याने लशीचे भवितव्य ठरते ते कसे, हे पुण्यात दिसले. भोसरीच्या राष्ट्रीय एड्स संशोधन संस्थेत फेब्रुवारी 2005 मध्ये भारतातली एचआयव्ही लशीची पहिली चाचणी सुरू झाली. लस सुरक्षित ठरली. पण टी पेशींचा प्रतिसाद मोजला तेव्हा तो थोड्याच जणांत आणि क्षीण आढळला, आणि ती लस पुढे गेली नाही. हजारो लोकांवर वर्षानुवर्षे खर्च होण्याआधीच थांबता आले. वर्तमानपत्रांनी सुरुवातीला जेवढी जागा दिली तेवढी शेवटाला दिली नाही, पण हे काम नेमके अशाच निर्णयांसाठी असते.

2005 हे वर्ष आणखी एका कारणाने महत्त्वाचे. औषध नियमांच्या ‘शेड्यूल वाय’मध्ये बदल होऊन परदेशातल्या टप्प्याबरोबरच भारतातही चाचणी घेण्याची मुभा मिळाली. मुंबईतली मोठी रुग्णालये, इंग्रजी जाणणारे मनुष्यबळ आणि विमानतळ या तिन्ही गोष्टी परदेशी कंपन्यांना सोयीच्या होत्या. जुलै 2007 मध्ये चाचण्यांची राष्ट्रीय नोंदवही उघडली आणि जून 2009 पासून तिच्यात नोंद सक्तीची झाली. अंधेरीत गल्लोगल्ली क्लिनिकल रिसर्चचे डिप्लोमा शिकवणारे वर्ग निघाले. मिठीबाई, साठ्ये, वझे-केळकर अशा उपनगरी महाविद्यालयांतून जीवशास्त्र किंवा जैवतंत्रज्ञान शिकलेल्या, मग मुंबई विद्यापीठाच्या कलिना संकुलात एमएस्सी केलेल्या मुलामुलींना दवाखान्याच्या पॅथॉलॉजीपलीकडची नोकरी दिसू लागली. अंधेरीच्या लोखंडवाला भागातून वाढलेल्या एका लॅबच्या साखळीने तर ‘सबर्बन’ हेच नाव घेतले. मेट्रोपोलिसची जागतिक संदर्भ प्रयोगशाळा विद्याविहारला आली. 2013 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने चाचण्यांतल्या गैरप्रकारांवर कडक भूमिका घेतल्यावर ही लाट ओसरली, नियम घट्ट झाले. त्यात जे टिकले ते बहुधा कागदपत्रे चोख ठेवणारे होते.

उपनगरात लॅब असण्याचा खरा पेच अंतराचा. टी पेशींची चाचणी करायची तर रक्त जिवंत पोचायला हवे. ते फ्रिजमध्ये ठेवायचे नाही आणि उन्हातही नाही, खोलीच्या तापमानाला ठेवून काही तासांत हाताळायचे. ट्यूबमधले रक्त एका जड द्रवावर अलगद ओतून सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवले की लाल पेशी तळाशी बसतात, पिवळा प्लाझ्मा वर राहतो आणि मध्ये धुरकट पांढरे कडे तरंगते. हव्या त्या पेशी त्या कड्यात असतात. हात स्थिर ठेवून पिपेटने ते कडे उचलायचे. रक्त एक दिवस शिळे झाले असेल तर नको असलेल्या पेशीही त्याच कड्यात चढतात आणि टी पेशींचा प्रतिसाद मंदावतो. मग मिनिटाला एक अंश या गतीने गोठवून त्या द्रवरूप नायट्रोजनच्या टाकीत, उणे 196 अंशांच्या आसपास जातात. परळहून दुपारी निघालेला डबा पूर्व द्रुतगती मार्गावर घाटकोपरपाशी अडकला, तर लॅबमध्ये दोघांना रात्री थांबावे लागते. पावसाळ्यात वेळापत्रकाला अर्थ राहत नाही. 26 जुलै 2005 रोजी सांताक्रूझला 24 तासांत 944 मिलिमीटर पाऊस पडला होता. त्यानंतर उपनगरात लॅब थाटणाऱ्याने जनरेटर तळमजल्यावर ठेवू नये, हे कोणाला सांगावे लागत नाही.

कर्करोगाच्या क्षेत्रात फ्लोची विद्या टाटा स्मारक केंद्रात मुरली. ल्युकेमियाच्या उपचारानंतर दहा हजार पेशींत एखादी रोगट पेशी उरली आहे का, हे शोधण्याचे काम तिथे वर्षानुवर्षे चालू आहे. परळच्या कर्करोग संशोधन संस्थेचे काम 2002 च्या सुमारास खारघरला हलले. अॅक्ट्रेक या नावाने ओळखल्या जाणाऱ्या त्या केंद्रात डॉ. शुभदा चिपळूणकर यांच्यासारख्या संशोधकांनी कर्करुग्णांच्या टी पेशींचा अभ्यास केला आणि त्या विषयाचे विद्यार्थी घडवले.

2020 मध्ये कोविडने प्रतिपिंड हा शब्द नाक्यावर आणला. जुलैत मुंबईच्या तीन विभागांत सर्वेक्षण झाले : आर-उत्तर म्हणजे दहिसर, एम-पश्चिम म्हणजे चेंबूर आणि एफ-उत्तर म्हणजे माटुंगा. 6,936 नमुन्यांत झोपडपट्टीतल्या 57 टक्के आणि इतर वस्तीतल्या 16 टक्के लोकांत प्रतिपिंडे सापडली. ऑगस्टच्या फेरीत झोपडपट्टीचा आकडा 45 टक्क्यांवर उतरला. महिन्याभरात लोकांची प्रतिकारशक्ती गेली, असा अर्थ काहींनी लावला. सर्वेक्षणातली चाचणी विषाणूच्या गाभ्यातल्या प्रथिनाविरुद्धची प्रतिपिंडे मोजत होती, आणि ती तुलनेने लवकर विरतात, हे कारण त्यात धरायला हवे होते. सप्टेंबरअखेर केईएममध्ये कोविशील्डची चाचणी सुरू झाली. देशभरच्या 1,600 स्वयंसेवकांपैकी 400 जण प्रतिकार-प्रतिसाद मोजण्यासाठी राखलेले होते. निरनिराळ्या लशींचे आकडे एकमेकांशी जुळेनात, तेव्हा डिसेंबर 2020 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने प्रतिपिंडांचे आंतरराष्ट्रीय प्रमाण ठरवले. किलो किंवा मीटरसारखे.

पवईतली गोष्ट याच सुमाराची. आयआयटी मुंबईच्या जीवविज्ञान विभागात 2013 मध्ये रुजू झालेले डॉ. राहुल पुरवार आणि त्यांचे सहकारी कार-टी पेशींवर काम करत होते. रुग्णाच्या टी पेशी काढायच्या, लेंटिव्हायरसच्या मदतीने त्यांत नवे जनुक घालायचे आणि परत सोडायच्या. त्या पेशी मग सीडी19 ही खूण असलेल्या रोगट बी पेशींना हुडकून मारतात. परदेशी उपचारांत उंदराच्या प्रतिपिंडाचा तुकडा वापरला जातो, पवईत तो मानवी प्रतिपिंडासारखा घडवला गेला. 2018 मध्ये आयआयटीच्या छायेत इम्युनोअॅक्ट ही कंपनी निघाली. 4 जून 2021 रोजी खारघरला पहिल्या रुग्णाला हा उपचार मिळाला. ऑक्टोबर 2023 मध्ये केंद्रीय औषध नियंत्रकांनी ‘नेक्सकार19’ या नावाच्या या उपचाराला मान्यता दिली आणि 4 एप्रिल 2024 रोजी पवईत राष्ट्रपती द्रौपदी मुर्मू यांच्या हस्ते त्याचे लोकार्पण झाले. परदेशात तीन-चार कोटींना पडणारा उपचार इथे सुमारे दशांश किमतीत आला. 2025 मध्ये ‘लॅन्सेट हिमॅटॉलॉजी’त आलेल्या निकालात 64 रुग्णांचा समावेश होता आणि 73 टक्क्यांत रोग हटल्याचे किंवा आटोक्यात आल्याचे दिसले.

या उपचारात औषध हेच जिवंत असते, त्यामुळे मोजणीवर सगळा भार येतो. गोळीचे रक्तातले प्रमाण दर तासाला घटत जाते. कार-टी पेशी मात्र आत गेल्यावर वाढतात, साधारण दुसऱ्या आठवड्यापर्यंत शिखर गाठतात आणि मग ओसरतात. शिखर उंच नसेल तर उपचार फसण्याची भीती, फार उंच असेल तर रोगप्रतिकाराचे वादळ उठण्याची. म्हणून ठरलेल्या दिवसांना रक्त येते. फ्लोवर कार-टी पेशींची संख्या, पीसीआरवर जनुकाच्या प्रती, शिवाय वादळाची चाहूल देणारी आयएल-6, फेरिटिन, सीआरपी ही मोजमापे. रुग्णाच्या निरोगी बी पेशीही नाहीशा झालेल्या दिसल्या, तर नवे शिपाई अजून पहाऱ्यावर आहेत अशी ती खूण. वादळाची लक्षणे दिसू लागली तर वॉर्डमधले डॉक्टर आकड्यासाठी खोळंबून राहत नाहीत, पण आकडा रात्रीच हवा असतो.

अशा लॅबच्या प्रमुखाचा दिवस यंत्रापासून सुरू होतो. सकाळी ठरावीक उजळपणाचे सूक्ष्म मणी फ्लोमधून सोडायचे आणि आलेला आकडा तक्त्यावर मांडायचा. ठिपका मधल्या रेषेपासून सलग काही दिवस एकाच बाजूला सरकू लागला, तर रुग्णाचा नमुना लावण्याआधी लेझर तपासायचा. प्रतिपिंडांची नवी बॅच आली की जुन्या बॅचशेजारी ती चालवून पाहायची. उरलेला वेळ कागदांचा : कार्यपद्धतीच्या आवृत्त्या, प्रशिक्षणाच्या सह्या, टाकीतली नायट्रोजनची पातळी, प्रायोजकाकडून आलेल्या ‘क्वेरीं’ची उत्तरे. प्रायोजकाच्या वतीने तपासणीला आलेला मॉनिटर यंत्राकडे क्वचितच पाहतो. तो विचारतो की अमुक तारखेला अमुक ट्यूब किती वाजता पोचली, आणि खोडलेल्या आकड्यावर आद्याक्षरे का नाहीत. या खुर्चीपर्यंत पोचायला पीएचडीनंतर दहा-पंधरा वर्षे सहज जातात. वाट बहुधा परळ किंवा खारघरच्या एखाद्या संस्थेतून, मधली काही वर्षे परदेशातून, आणि मग परत अशी असते.

लेंटिव्हायरसने घातलेले जनुक पेशीच्या गुणसूत्रात कायमचे बसते. त्याचे दूरचे परिणाम दिसायला वेळ लागतो, म्हणून अशा रुग्णांचा 15 वर्षे पाठपुरावा करावा, अशी अमेरिकी औषध प्रशासनाची शिफारस आहे आणि जगभर तीच प्रथा पडली आहे. त्या हिशेबाने जून 2021 च्या रुग्णाचा शेवटचा नमुना 2036 मध्ये यायचा आहे. तोवर यंत्रांच्या दोन-तीन पिढ्या बदललेल्या असतील आणि पहिला आकडा लिहिणारी मंडळी दुसरीकडे गेलेली असतील. ती तुलना करणाऱ्याच्या हाती उरतील त्या नायट्रोजनच्या टाकीतल्या क्रमांक घातलेल्या कुप्या, आणि त्या दिवशी ट्यूब किती वाजता पोचली होती हे सांगणारी वही.